संन्याशाला सोडवणारा स्कॅनर

डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि शेजारी घसरणाऱ्या गाडीचं चित्रही उजळलं. दोन दिवे म्हणजे दोन बिघाड, असं मी धरून चालले. तसं नसतं. घसरणाऱ्या गाडीचं चित्र म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, चाकांना घसरू न देणारी यंत्रणा. कुठलं चाक जागच्या जागी फिरतंय हे तिला एबीएसच्याच सेन्सरांकडून कळतं. तिकडून बातमी बंद झाली की हिलाही दुकान बंद करावं लागतं. एवढं समजायला मला दीड महिना आणि गॅरेजच्या दोन खेपा लागल्या.

पहिल्या खेपेला त्यांनी पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला. चौथ्या दिवशी दोन्ही दिवे परत हजर. दुसऱ्या खेपेला म्हणाले, आता एबीएसचं अख्खं युनिटच बदलावं लागेल. मी गाडी तशीच घरी आणली आणि हा स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, मागवला. हातात धरायचा, वायरवाला, तळहाताएवढ्या पडद्याचा, एबीएस आणि एअरबॅग वाचणारा.

ब्लूटूथचं एक चिमुकलं अडॅप्टर घरात आधीपासून होतं. तेही स्टिअरिंगखालच्या त्याच १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतं. पण समोर दिवे ढणढणत असताना ते म्हणायचं, एकही कोड नाही! ते वाचायचं फक्त इंजिनचे, ‘पी’ने सुरू होणारे कोड. चाकांच्या सेन्सरचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि एबीएसच्या वेगळ्या युनिटमध्ये साठतात. म्हणून स्कॅनर घेताना खोक्यावरच्या ‘एबीएस’ या अक्षरांना भुलू नका, आपल्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष त्याच्या यादीत आहे का ते आधी बघा. माझं होतं.

कोड आला सी००३५, डाव्या पुढच्या चाकाचा वेग-सेन्सर. (डावं म्हणजे गाडीत बसून समोर बघताना डावं. बॉनेटसमोर उभं राहून बघाल तर भलत्याच चाकाशी झटापट कराल, मी केली.) म्हणजे गॅरेजवाले खोटं बोलत नव्हते. पण कोड एवढंच सांगतो की या कोपऱ्यातून येणारा सिग्नल पटत नाही. दोष सेन्सरचा, वायरीचा, प्लगातल्या गंजाचा, ढिल्या बेअरिंगचा की सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातेरी रिंगचा, ते आपण शोधायचं. कोड वाचून थेट सेन्सर बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

या यंत्राचा खरा उपयोग त्याच्या लाइव्ह डेटात आहे. चारही चाकांचे वेग एकाच पडद्यावर दिसतात. मी मोकळ्या रस्त्यावर गाडी हळू चालवत होते आणि मुलगा शेजारी बसून आकडे वाचत होता. “बारा, बारा, बारा, बारा. ब्रेक दाब, आई. अकरा, नऊ… अगं, डाव्या पुढच्याची दांडी गुल! शून्य! नाही, आलं परत.” त्याच क्षणी माझ्या पायाखाली पेडल घर्र करून थरथरलं. ही थरथर मला नवीन नव्हती. गाडी थांबता थांबता ती गेले कित्येक आठवडे व्हायची आणि मी ती रस्त्याच्या खडबडीतपणावर ढकलायची. कोरड्या, सरळ रस्त्यावर थांबताना एबीएस उगाच जागं होत असेल, तर कुठल्यातरी चाकाचा वेग त्याला खोटा दिसतोय. गॅरेजमध्ये मी हे सांगितलंच नव्हतं. निम्मी चूक माझी.

चारही आकडे एकत्र ठेवले की पडदा सेकंदाला एकदाच बदलतो आणि झटक्यात येऊन जाणारी गडबड निसटते. एकाच चाकाचा आलेख लावल्यावर चित्र स्पष्ट झालं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा, एकाच जागी खड्डा. वायर तुटत असती तर खड्डे असे तालात आले नसते. म्हणजे फिरणाऱ्या भागातच काहीतरी.

जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून चाक काढलं. ड्राइव्हशाफ्टवरच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावरच्या, दातेरी रिंगखाली गंज चढला होता. गंज आतून फुगतो आणि रिंगला ताणतो, तशी ती एका जागी तडकून दोन दातांमधली फट रुंद झाली होती. टॉर्च धरून चाकाचा हब पूर्ण एक फेरा फिरवला तेव्हाच तडा दिसला. सेन्सर निर्दोष. बहुधा जुनाही निर्दोषच होता.

रिंग बदलण्यासाठी शाफ्ट बाहेर काढावा लागतो, ते माझ्या हातचं काम नाही. दुसऱ्या एका मेकॅनिकला आलेख दाखवला. त्याने वाद न घालता शाफ्ट काढला, गंज घासून साफ केला आणि नवीन रिंग तापवून चढवली. कोड पुसूनही दिवे लगेच विझले नाहीत, तेव्हा पोटात गोळा आला. थोडं अंतर चालवल्यावर, युनिटने चारही चाकं तपासून घेतली तसे दोन्ही एकदम गेले.

आता तक्रारी. उन्हात पडदा दिसत नाही. केबल इतकी आखूड की यंत्र मांडीवर ठेवलं तर ताणली जाते. अपडेटसाठी कॉम्प्युटर लागतो. एबीएस पंपातली हवा काढण्याची सोय आहे, पण स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळलंय ते सांगणारा) शून्यावर आणायची नाही. व्हील अलाइनमेंटनंतर फक्त ट्रॅक्शनचा दिवा लागणाऱ्यांना नेमकी तीच लागते. अशांनी वरचं मॉडेल बघावं.

आणि पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर स्कॅनर राहू दे, गाडी उभी करून आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. नुसता पिवळा असेल तर साधे ब्रेक चालू असतात, जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात इतकंच.

पाचपैकी चार. अर्धा गुण केबलचा कापला, अर्धा पडद्याचा.