ग्रेट सर्कल मॅपर, काही महिन्यांच्या वापरानंतर: अंतराला पैकीच्या पैकी, वेळेला काठावर पास

या संकेतस्थळावर दोन विमानतळांचे कोड टाकायचे, मध्ये छोटी रेघ, की पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारं सर्वांत जवळचं अंतर हजर. सुरुवातीला आकडे मैलांत येतात, तेव्हा आधी एकक बदलून किलोमीटर करा. गोव्याचे कोड दोन: दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. दोन्हींत हवाई अंतर जेमतेम ४० किलोमीटर, त्यामुळे गोवा–लंडन अंतराच्या हिशेबात काही बिघडत नाही. काणकोणच्या माणसाच्या टॅक्सीभाड्यात मात्र भरपूर बिघडतं. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ दिसलं तर कोड बघितल्याशिवाय घर सोडू नये.

खरी मजा मार्गांची तुलना करण्यात आहे. मोपा ते लंडनचं हीथ्रो थेट अंतर सुमारे ७,५६० किलोमीटर. मधला थांबा घालायचा तर तिसरा कोड जोडायचा. मुंबईमार्गे साधारण ७,६००, म्हणजे वळसा जवळपास नाहीच. दोहामार्गे ७,७८०च्या आसपास, तोही किरकोळ. दिल्लीमार्गे मात्र ८,१०० च्या वर जातं, कारण लंडन वायव्येला आणि आपण आधी उत्तरेला चढतो. एजंट ‘दिल्लीहून सोपं पडेल’ म्हणाला तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

वेळेवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. असे बहुतेक कॅल्क्युलेटर अंतराला ताशी ८५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि वर अर्धा तास टाकतात. गोवा–लंडनला साडेनऊ तास येतात ते असे. प्रत्यक्षात नकाशावरची सर्वांत जवळच्या मार्गाची रेघ पाकिस्तानचा मकरान किनारा, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. वळसा आलाच. त्यात पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, हिवाळ्यात जास्तच जोरकस. सरासरी ८० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ७,५६० किलोमीटरला पावणेदहा तास लागतात, तोच पाठीमागून असेल तर आठ तासांच्या थोडं वर. म्हणून जाताना जास्त, येताना कमी. कॅल्क्युलेटर दोन्हीकडे एकच आकडा दाखवतो, ही त्याची मोठी उणीव.

खरी वेळ तिकिटावरूनच काढावी. समजा मोपाहून दुपारी २ ला सुटून लंडनला रात्री ८ ला पोहोचणार. घड्याळातले सहा तास, अधिक हिवाळ्यातला साडेपाच तासांचा फरक, एकूण साडेअकरा. यात धावपट्टीपर्यंतचं रखडणंही धरलेलं असतं. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा. ब्रिटनची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्या आठवड्यातली जोडविमानं पुन्हा तपासावीत.