जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ घेताना माझी झालेली फसवणूक

३ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच या वेळेत मी माझा लॅपटॉप एका अनोळखी माणसाच्या ताब्यात दिला आणि त्यासाठी त्याला १,४९९, २,७९९ आणि ३,२५० असे तीन वेळा मिळून ७,५४८ रुपये मोजले. तेवीस दिवसांनी त्याच लॅपटॉपवरून माझ्या खरेदीच्या खात्यातले आणखी १४,००० रुपये गेले. हे लिहिताना मला शरम वाटते, कारण मी अठरा वर्षे लोकांचे हिशेब लिहिण्याचे काम करते आणि अनोळखी माणसाला आपली स्क्रीन कधीही देऊ नये हे मी स्वतःच इतरांना बजावत आले आहे. तरीही लिहिते आहे, कारण ज्या कारणाने मी फसले ते कारण आज असंख्य लोकांच्या टेबलावर उभे आहे.

माझा लॅपटॉप २०१७ सालचा आहे. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी, आणि घेतल्यापासून एकदाही कुरकूर नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि त्याआधीचे कित्येक आठवडे स्क्रीनवर त्याच सूचना येत होत्या. अकरा जणांचे हिशेब ज्या यंत्रात आहेत त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, ही गोष्ट मी दुर्लक्षून चालणार नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या तपासणीच्या ॲपने ‘हा संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करत नाही’ एवढे सांगितले. त्या निकालाखाली सगळे निकाल सविस्तर पाहण्याचे बटण होते. ते मी दाबले नाही. त्या एका बटणाची किंमत पुढे २,७९९ रुपये झाली.

शोध घेतल्यावर सर्वांत वर जी जाहिरात आली तिच्यात मी माझा नंबर भरला. वरची जाहिरात म्हणजे खात्रीचे ठिकाण नव्हे, ते फक्त पैसे भरून मिळवलेले ठिकाण असते, हे मला माहीत होते. पण त्या आठवड्यात माझ्याकडे तीन जणांची वर्षअखेरीची कामे तुंबली होती आणि हे प्रकरण एकदाचे मिटावे असे वाटत होते. दहा मिनिटांत फोन आला. बोलणारा माणूस शांत, नम्र आणि शुद्ध मराठी बोलणारा होता. त्याने कुठेही घाई केली नाही, धमकावले नाही, बँकेचा तपशील विचारला नाही. आपण ज्या फसवणुकींच्या गोष्टी ऐकतो त्यांतले एकही लक्षण त्याच्यात नव्हते, आणि म्हणूनच मी निर्धास्त राहिले. “मॅडम, जुना लॅपटॉप फेकू नका, आम्ही रोज असे लॅपटॉप अपग्रेड करतो,” असे तो म्हणाला. ते खोटेही नसावे.

१,४९९ रुपये सेवाशुल्क भरल्यावर त्याने दुरून लॅपटॉप हाताळण्याचे एक ॲप उतरवायला लावले आणि माझ्या स्क्रीनवर त्याचा कर्सर फिरू लागला. अर्ध्या तासाने तो म्हणाला की लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० नाही, ते सॉफ्टवेअरने बसवावे लागेल आणि त्याचा परवाना २,७९९ रुपयांचा आहे. टीपीएम ही विंडोज ११ ची अट आहे हे मी वाचले होते, त्यामुळे शब्द ओळखीचा वाटला आणि रक्कम भरली. खरी गोष्ट अशी आहे की टीपीएम म्हणजे माहितीच्या कुलपांच्या डिजिटल किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय. ती स्वतंत्र चिप म्हणून असते किंवा प्रोसेसर आणि फर्मवेअर (यंत्रातच भरलेले मूळ सॉफ्टवेअर) यांतूनच मिळते, आणि बंद असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये, जाऊन सुरू करता येते. तिचा परवाना कोणी विकत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये ती पहिल्या दिवसापासून होती. रन विंडोत टीपीएम डॉट एमएससी लिहिले की आवृत्ती समोर येते. मी ते नोव्हेंबरच्या अखेरीस लिहून पाहिले, तेव्हा समोर २.० असे आले. अडचण टीपीएमची नव्हतीच, प्रोसेसरची होती. विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. माझा सातव्या पिढीचा, म्हणजे यादीबाहेरचा. प्रोसेसर काही दुरून बदलता येत नाही, पण टीपीएम ‘बसवल्याचे’ सांगता येते. न दाबलेल्या त्या बटणामागे हेच लिहिलेले होते: टीपीएमसमोर होकार आणि प्रोसेसरसमोर नकार.

आता ज्या क्षणापाशी मी रोज रात्री परत जाते तो सांगते. दुपारचे सव्वा वाजले असतील. त्याने विंडोज सिक्युरिटी उघडली, छेडछाडीपासून संरक्षण देणारा पर्याय बंद केला, मग तत्काळ तपासणी बंद केली, आणि अपवादांच्या यादीत संपूर्ण सी ड्राइव्ह घातला. परवानगी मागणारी चौकट आली तेव्हा ‘येस’वर क्लिक करायला त्याने मला सांगितले, कारण ते त्याला तिथून करता येत नव्हते. मी विचारले, “हे सगळे बंद का करायचे?” तो म्हणाला, “मॅडम, नवीन सिस्टिमच्या फाइली अँटिव्हायरस अडवतो. काम झाले की मी परत चालू करतो.” मी त्या यादीकडे पाहत होते. तिच्यात एकच ओळ होती, आणि त्या एका ओळीचा अर्थ असा होता की माझ्या यंत्रात यापुढे कोणतीही फाइल आली तरी तिला कोणी विचारणार नाही. मला तो अर्थ कळत होता. मला कळत नव्हते असे मी आज म्हणू शकत नाही. फक्त ४,२९८ रुपये भरून झालेले होते, काम अर्ध्यावर होते, आणि या टप्प्यावर आपण थांबवले तर लॅपटॉप बंद पडेल अशी भीती वाटली. मी येसवर क्लिक केले. त्याच क्षणी इंटरनेट तोडून लॅपटॉप बंद केला असता तर ४,२९८ रुपयांवर हे संपले असते. कोणीही, कोणत्याही कारणासाठी, अँटिव्हायरसच्या अपवादात पूर्ण ड्राइव्ह घालू लागला तर वायफाय तोडा, बोलत बसू नका.

साडेचारच्या सुमारास विंडोज ११ खरोखर सुरू झाले. मधोमध आलेला टास्कबार पाहून मला समाधान वाटले होते, हेही कबूल करते. मग त्याने सांगितले की विंडोजची जुनी ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, आता चालणार नाही, ‘आजीवन’ की ३,२५० रुपयांना पडेल. एक काळी विंडो उघडली, काही ओळी धावल्या आणि सिस्टिम ॲक्टिव्हेट झाल्याचे दिसले. ज्यांच्याकडे अस्सल विंडोज १० आहे त्यांना विंडोज ११ साठी वेगळी की घ्यावी लागत नाही, तो परवाना यंत्राशी जोडलेला असतो. माझा परवाना होम आवृत्तीचा होता. त्याने मला न विचारता प्रो आवृत्ती चढवली, त्यामुळे माझा हक्काचा परवाना तिला लागू होईना, आणि मग त्याने ‘की’ विकली. ती कीसुद्धा नव्हती. मोठ्या संस्थांच्या शेकडो संगणकांसाठी केएमएस नावाची जी पद्धत असते तिची नक्कल करणारे एक सॉफ्टवेअर त्याने बसवले होते. केएमएसचे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचे असते आणि सतत नव्याने करावे लागते. तुमच्या सेटिंगमध्ये ‘तुमच्या संस्थेच्या सेवेद्वारे ॲक्टिव्हेट’ अशा अर्थाची ओळ असेल आणि तुमची कोणतीही संस्था नसेल, तर तुमच्याकडेही तेच आहे. एसएलएमजीआर आणि त्यापुढे स्लॅश एक्सपीआर ही आज्ञा दिली की मुदत दिसते. माझ्या ‘आजीवन’ परवान्यासमोर मे महिन्यातली तारीख होती.

२६ नोव्हेंबरच्या रात्री माझ्या खरेदीच्या खात्यातून ५,०००, ५,००० आणि ४,००० रुपयांची तीन गिफ्ट कार्डे घेतली गेली. परत केलेल्या प्रिंटरचे पैसे तिथल्या वॉलेटमध्ये पडून होते आणि त्या खात्याचा पासवर्ड मी ब्राउझरमध्ये साठवलेला होता. सकाळी ईमेल पाहिल्यावर मी लॅपटॉप तपासला. दुरून हाताळण्याचे ते ॲप अजून होते, लॅपटॉप सुरू होताच आपोआप सुरू होत होते, आणि समोर कोणी नसताना आत येता यावे म्हणून त्याला कायमचा पासवर्ड लावलेला होता. अपवादांच्या यादीत संपूर्ण सी ड्राइव्हही तसाच होता, म्हणजे अँटिव्हायरसची तपासणी बंद ती बंदच. म्हणजे तेवीस दिवस मी माझे घर उघडे टाकून त्यात बसून इतरांचे हिशेब लिहीत होते.

यानंतर ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांच्याबद्दल मला अधिक कडू लिहावे लागत आहे. बँकेने बावीस मिनिटे फोन धरून ठेवला आणि सांगितले की ७,५४८ रुपयांचे तिन्ही व्यवहार मी स्वतः पिन घालून केले असल्यामुळे ते ‘अधिकृत’ आहेत. पैसे ज्याला गेले ते खाते निदान गोठवा, अशी विनंती केली तर ईमेल करा म्हणाले. ईमेलला सात दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले की तक्रार बंद करण्यात आली आहे. खरेदीच्या कंपनीने कळवले की गिफ्ट कार्डे माझ्या नेहमीच्या लॅपटॉपवरून घेतली गेली आहेत आणि ती वापरली गेल्यामुळे परतावा नाही. माझाच लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात होता हीच तर माझी तक्रार होती, आणि तेच त्यांनी माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडले. पोलीस ठाण्यात पहिल्या टेबलावरून दुसऱ्या इमारतीतल्या सायबर कक्षाकडे पाठवले. तिथे तासभर बसल्यावर अधिकाऱ्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला आणि विचारले, “विंडोज ११ दिसते आहे ना? मग फसवणूक कुठे झाली?” मी टीपीएम, परवाना, अपवादांची यादी, सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि ७,५४८ रुपयांचा भाग हा सेवेबद्दलचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा, असे सांगितले. १४,००० रुपयांसाठी प्रत्येक स्क्रीनचे छापील कागद तीन प्रतींत मागितले. मी दुसऱ्या दिवशी एकशे चौदा पाने छापून नेली, तर ते अधिकारी रजेवर होते आणि दुसरे कोणी ती स्वीकारायला तयार नव्हते. ग्राहक आयोगात तक्रारीसाठी समोरच्या पक्षाचा पत्ता लागतो. पत्ता असता तर मी आयोगात कशाला गेले असते? जाहिरातीबद्दलही तक्रार केली. ती जाहिरात आठवड्याभरात उतरली, आणि तोच मजकूर, तीच छायाचित्रे दुसऱ्या नावाने पुन्हा वर आली. मला चूक माझी आहे हे चार ठिकाणी चार वेळा ऐकवण्यात आले. ती मी पहिल्याच वाक्यात मान्य केली होती. पुढच्या माणसाला वाचवण्यासाठी ते खाते आणि तो नंबर कोणी बंद करील की नाही, एवढेच मी विचारत होते, आणि त्याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

यातली सर्वांत जळजळीत गोष्ट मला नंतर कळली. मला विंडोज ११ ची त्या दिवशी गरजच नव्हती. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची योजना मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंगचा बॅकअप सुरू ठेवला तर ती विनामूल्य मिळते. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणी होते. आणि यादीबाहेरच्या प्रोसेसरवर विंडोज ११ चढवायचेच असेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद करून ते करता येते. ही पद्धत कधीकाळी मायक्रोसॉफ्टच्याच पानावर दिलेली होती. जे काम मला १,४९९ रुपयांना विकले गेले ते एवढेच होते. मात्र अशा लॅपटॉपला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती सहसा आपोआप येत नाही, ती पुन्हा हाताने चढवावी लागते. हे त्या माणसाने मला सांगितले नाही. फार जुन्या यंत्रांवर तर तेही होत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचनांची सोय नसेल तर ती सिस्टिम सुरूच होत नाही, त्यामुळे ‘कोणत्याही लॅपटॉपवर करून देतो’ म्हणणारा माणूस तिथेच उघडा पडतो. ज्यांचे काम ब्राउझर आणि कागदपत्रांपुरते आहे त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स या विनामूल्य सिस्टिमचा विचार करावा. माझे हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, म्हणून मला तो मार्ग नव्हता.

असे कोणाच्या हाती पडला असाल तर ते ॲप काढून टाकून समाधान मानू नका. मी आधी तेवढेच करणार होते. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून पासवर्ड बदला आणि प्रत्येक खात्यातून सगळी उपकरणे बाहेर काढा. कागदपत्रांची प्रत काढा, प्रोग्रामच्या फाइली मुळीच घेऊ नका. मग मायक्रोसॉफ्टच्या पानावरून पेनड्राइव्ह तयार करून पूर्ण ड्राइव्ह पुसून नव्याने सिस्टिम टाका. मी विंडोज १० होम टाकले. इंटरनेटला जोडल्यावर ते स्वतःहून ॲक्टिव्हेट झाले, एकदाही की विचारली नाही. त्या वेळी मी खुर्चीत बसून रडले.

अकरा जणांचे हिशेब त्या तेवीस दिवसांत उघड्यावर होते. त्यांतून काय नेले गेले हे सांगण्याचा माझ्याकडे मार्ग नाही, म्हणून मी एकेकाला फोन करून सगळे सांगते आहे आणि त्यांचे पासवर्ड बदलायला लावते आहे. नऊ जणांना सांगून झाले. त्यांपैकी दोघांनी आपली कागदपत्रे परत मागितली, आणि मी ती त्याच दिवशी पोचवली. उरलेल्या दोघांना उद्या सकाळी फोन करणार आहे.