गाडीचा रिकॉल तपासण्याच्या ऑनलाइन सोयी: कोणती कामाची, कोणती अपुरी

कंपनीकडूनच गाडीत दोष राहिला तर तो फुकट दुरुस्त करून मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण आपल्याच गाडीला रिकॉल, म्हणजे दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं, लागू आहे का, हे बघायचं कुठे? इथेच घोडं पेंड खातं. भारतात त्यासाठी तीन जागा आहेत: कंपनीचं संकेतस्थळ, वाहन उत्पादकांच्या संघटनेची म्हणजे सियामची यादी, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावरचं रिकॉल पोर्टल. तिन्हींची कामं वेगळी आहेत.

खरी उपयोगाची जागा कंपनीचं संकेतस्थळ. मारुती, होंडा अशा कंपन्या रिकॉल जाहीर झाला की चासी नंबर टाकायची चौकट देतात. हा १७ अक्षरांचा नंबर आरसीवर आणि विम्याच्या कागदावर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्यच. मारुतीचा नंबर बहुधा ‘एमए३’ने सुरू होतो, काही वेळा ही सुरुवात चौकटीत आधीच भरलेली असते आणि लोक ती पुन्हा टाकतात. मग ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि गाडी निर्दोष आहे असा समज होतो. त्या उत्तराचा अर्थ नंबर चुकला असाही असू शकतो. शंका वाटली तर अधिकृत वर्कशॉपला फोन करून चासी नंबर सांगा. त्यांच्या संगणकावर प्रलंबित कामं दिसतात. आणि आज रिकॉल नसला तरी पुढे येऊ शकतो, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी विचारायचंच.

फक्त मॉडेलचं नाव वाचून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. दोष ठरावीक तारखांमध्ये बनलेल्या गाड्यांपुरता असतो. सप्टेंबर २०२१मध्ये मारुतीने ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६च्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटसाठी, म्हणजे विजेची मोटर आणि जनरेटर मिळून असलेल्या भागासाठी, तपासायला घेतल्या. तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असं कळवलं होतं. जानेवारी २०२३मध्ये एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, तेव्हा मात्र भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं सांगितलं. म्हणून सूचनेतली ‘तोवर काय करायचं’ ही ओळ आधी वाचा. अशी बंदी असेल तर गाडी न्यायची व्यवस्था वर्कशॉपकडूनच करून मागा.

इंधन पंपाचे रिकॉल बरेच झाले आहेत. होंडाने ऑक्टोबर २०२४मध्ये ९०,४६८ गाड्यांसाठी असाच एक जाहीर केला. पंपातलं प्लॅस्टिकचं पातं, म्हणजे इम्पेलर, सदोष असेल तर इंजिन चालता चालता बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही. घाटात चढणीवर हे झालं तर मागच्या ट्रकला थांबायला जागा राहत नाही, शिवाय इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांतच संपते. त्यामुळे ‘अजून काही त्रास नाही’ म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

वर्कशॉपमध्ये जाण्याआधी भाग आला आहे का ते विचारा, नाहीतर हेलपाटा होतो. वॉरंटी संपली असली, सर्व्हिसिंग बाहेर करत असलात, तरी रिकॉलचं काम मोफतच. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, रिकॉलचं काम वेगळं लिहून घ्या आणि शून्य रुपयांचं बिल मागून जपून ठेवा. गाडी विकताना तो पुरावा असतो. सोबत सुचवलेली बाकीची कामं करायची की नाही, हा निर्णय तुमचा.

जुनी गाडी घेणाऱ्यांची सोय सगळ्यात कच्ची आहे. कंपनीचा संदेश बहुधा पहिल्या मालकाच्या नंबरवर जातो. टोकन देण्याआधी चासी नंबर तपासा आणि आरसी नावावर झाली की आपला मोबाइल नंबर कंपनीच्या नोंदीत चढवून घ्या.

सियामच्या यादीत कुठल्या कंपनीने कुठल्या मॉडेलच्या किती गाड्या बोलावल्या ते कळतं, पण तुमची गाडी त्यात आहे का, हे कळत नाही. चाळायला ठीक, निर्णयाला अपुरी. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, एकाच पानावर नंबर टाकून बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या गाड्या तपासता येतात. आपल्याकडेही असं एक पान हवंच.

मंत्रालयाचं पोर्टल मुख्यतः तक्रार नोंदवण्यासाठी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०ए आलं आणि एप्रिल २०२१पासून नियम लागू झाले. ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या की चौकशी होते. सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं आणि कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे इथे प्रत्येक तक्रार मोजली जाते. ‘गाडी खराब आहे’ एवढंच लिहू नका. कुठला भाग, किती किलोमीटरला, किती वेगात, पाऊस होता का, चढ होता का, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागला आणि वर्कशॉपने काय बदललं, हे सगळं नोंदवा आणि त्याच दोषाच्या आधीच्या जॉब कार्डांचे नंबरही लिहा.