स्नायूतला ऑक्सिजन मोजायचा तर: बोटावरचं यंत्र, मांडीवरचा सेन्सर की एमआरआय?

सोलापुरात पार्क मैदानावर धावपटू घडवणारा प्रशिक्षक आणि वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राचा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, दोघांचं काम एका यंत्रात भागत नाही. आधी प्रश्न ठरवा, खरेदी नंतर.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर इथे सरळ बाद. तो धमनीतल्या रक्ताचा आकडा देतो. धाप लागलेल्या निरोगी माणसाच्या बोटावरही तो बहुधा 95च्या वरच असतो, मग मांडीचा स्नायू रक्तातून कितीही ऑक्सिजन ओढत असो.

मांडीवर बांधायचा एनआयआरएस (निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी) सेन्सर कातडीतून निअर-इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या लगतची पण डोळ्यांना न दिसणारी किरणं सोडतो आणि परत आलेला प्रकाश मोजतो. हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन (स्नायूपेशीतलं ऑक्सिजन धरणारं प्रथिन) या दोघांचा प्रकाशशोष जवळपास सारखा, त्यामुळे पडद्यावरचा ऑक्सिजनचा टक्का दोघांची सरमिसळ असतो. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, तो पेशीच्या आतला आकडा नव्हे.

शिवाय चरबी आड येते. प्रकाश टाकणारा आणि टिपणारा भाग यांत 30 मिमी अंतर असेल तर प्रकाश साधारण 15 मिमी खोल पोचतो. कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) कातडीची घडी मोजा आणि निम्मी करा. घडी 20 मिमी भरली तर 10 मिमी त्वचा-चरबीतच गेले, स्नायूला उरलं काय? म्हणून दोन खेळाडूंचे टक्के शेजारी ठेवू नका. एकाच खेळाडूचा आलेख त्याच्याच मागच्या आलेखाशी लावा, आणि त्यासाठी सेन्सरची जागा मार्करने आखून ठेवा.

सोलापूरचा उन्हाळा इथे वेगळाच त्रास देतो. उकाड्यात त्वचेकडे रक्त वाढतं, तेही मोजमापात मिसळतं. घामाने सेन्सर सरकतो. ऊन थेट टिपणाऱ्या भागात शिरतं. झाकायला पांढरा टॉवेल कुचकामी, जाड काळं कापड लागतं. पण सेन्सरची पट्टी करकचून आवळली की शिरांतलं रक्त अडतं: एकूण हिमोग्लोबिन हळूहळू चढतं, टक्का उतरतो, आणि ते मेहनतीचं फळ वाटतं. चाचणी सकाळी लवकर किंवा पंख्याखाली सायकलवर घ्या, मेहनतीचा प्रत्येक टप्पा 4-5 मिनिटांचा ठेवा.

टक्क्याला तळ आणि माथा (त्या माणसाची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पातळी) हवा असेल तर मांडीवर रुंद पट्टा फुगवून रक्तपुरवठा काही मिनिटं पूर्ण थांबवतात. हाताचा बीपी-पट्टा त्याला अरुंद पडतो. रक्ताच्या गुठळ्या किंवा पायातल्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांवर हे करू नये. एरवीही डॉक्टर समोर हवा.

पेशीच्या आतलंच हवं असेल तर प्रोटॉन एमआर स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरआय यंत्रावरच वेगवेगळ्या रेणूंचे संकेत वेगळे करून पाहणं. ऑक्सिजन सुटलेल्या मायोग्लोबिनचा संकेत आलेखावर पाण्याच्या संकेतापासून फार दूर, 78 पीपीएमच्या (त्या आलेखावरच्या जागेचं माप) आसपास येतो, हिमोग्लोबिनपासून वेगळा ओळखता येतो. संशोधक रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी 1995मध्ये याच पद्धतीने व्यायाम करणाऱ्या मांडीत पेशीतला ऑक्सिजनचा दाब साधारण 3 मिमी पारा दाखवला. धमनीत तो 100च्या आसपास असतो. गंमत म्हणजे निम्म्याच मेहनतीला तो तिथवर उतरला आणि पुढे जवळपास तिथेच राहिला. प्रशिक्षकाला अशा सपाट आलेखातून फारसं काही मिळत नाही. प्रबंधाला मात्र तोच हवा.

अडचण अशी की रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआयवर ही सोय सहसा नसते. वेळ मागण्याआधी तीन गोष्टी विचारा: स्पेक्ट्रोस्कोपीचा प्रोग्रॅम आहे का, पायापुरती छोटी कॉइल (संकेत टिपणारं वेटोळं) मिळेल का, आणि लोखंड नसलेलं पेडल आत नेता येईल का. संकेत इतका क्षीण असतो की शेकडो वेळा मोजून सरासरी काढावी लागते, म्हणून तोवर खेळाडूने एकाच जोराने पाय मारत राहायला हवं. सेन्सर घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा की ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनविना हिमोग्लोबिनचे वेगवेगळे आकडे फाइलमध्ये उतरवता येतात का. नुसता टक्का देणारं यंत्र असेल तर पट्टी आवळल्याची चूक पकडताच येणार नाही.