ईएक्सटी४ की झेडएफएस : रॅम परत द्यायची वेळ आली की

ठाण्यात नौपाड्यातल्या एका फोटो स्टुडिओचा सर्व्हर मी सांभाळतो. १६ जीबी रॅमचं एकच मशीन. लग्नांचे फोटो सांबा या फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरवरून सगळ्यांना दिसतात आणि बिलिंगचं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे याच मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, चालतं, त्याला ६ जीबी दिलेत. डिस्कवर फायली मांडून ठेवणारी फाइलसिस्टम आधी वर्षभर झेडएफएस होती, आता दीड वर्ष लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ आहे. झेडएफएसचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत), चेकसम (डेटा बिघडला का याची तपासणी) वगैरे तुम्हाला माहीत असतील. माझं अडलं ते कॅशपाशी, म्हणजे वाचलेल्या फायली रॅममध्ये धरून ठेवण्यापाशी.

रात्री बॅकअप चालायचा. सगळ्या फायली वाचल्या जायच्या आणि आर्क, म्हणजे झेडएफएसचा स्वतःचा कॅश, तेव्हाच्या डिफॉल्टप्रमाणे निम्म्या रॅमपर्यंत फुगायचा. सकाळी साडेदहाला बिलिंगच्या ताई विंडोज सुरू करायच्या. विंडोज सुरू होतानाच मेमरी भराभर घेतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आर्कला जागा सोडायला सांगतो, पण आर्क लिनक्सच्या स्वतःच्या फाइल-कॅशबाहेरचा (त्याला पेज कॅश म्हणतात). तो आपल्या गतीने रिकामा होतो. तेवढ्यात ओओएम किलर, म्हणजे रॅम संपली की एखादी प्रोसेस मारून टाकणारा कर्नलचा भाग, यायचा आणि सगळ्यात मोठी प्रोसेस म्हणून नेमकं ते व्हर्च्युअल मशीनच उडवायचा. समोर वधूचे वडील बिलासाठी उभे. लग्नाच्या मोसमात महिन्यातून दोन-तीनदा हे व्हायचं. त्यात रॅमचा हिशेब दाखवणारी फ्री कमांड आर्कला कॅशमध्ये धरत नाही, ‘यूज्ड’मध्ये धरते, त्यामुळे सुटण्याजोगी रॅम किती तेही बघून कळायचं नाही.

ईएक्सटी४चा पेज कॅशही रात्री भरतो, किंबहुना जास्तच भरतो. पण मोकळी रॅम ठरलेल्या पातळीच्या (वॉटरमार्कच्या) खाली गेली की कर्नलचा केस्वॅपडी हा रॅम मोकळी करणारा भाग जागा होतो आणि बराच वेळ न लागलेली पानं, म्हणजे रॅमचे छोटे तुकडे, टाकून देतो. डिस्कवर मूळ प्रत असतेच, लिहायचं काही उरत नाही. विंडोज उभं राहतं, ताईंना काही कळतही नाही. मोठा व्हिडिओ कॉपी होत असेल तर मात्र डर्टी पानं, म्हणजे अजून डिस्कवर न लिहिलेली, आधी डिस्कवर उतरावी लागतात, तेव्हा मशीन जरा अडखळतं.

झेडएफएसची एक गोष्ट मला अजूनही आवडते. एकदाच वाचलेलं आणि पुन्हा पुन्हा लागणारं आर्क वेगवेगळं ठेवतो. आयबीएमच्या मेगिडो आणि मोधा यांनी २००३ साली मांडलेली ही पद्धत. बॅकअप होऊन गेला तरी चालू अल्बम सकाळी झटकन उघडायचा. ईएक्सटी४वर पहिल्यांदा थोडा वेळ लागतो असं वाटतं, घड्याळ लावून पाहिलेलं नाही.

झेडएफएस-आर्क-मॅक्स, म्हणजे आर्कची कमाल मर्यादा, ३ जीबीवर बांधून पाहिली. त्रास थांबला, पण विंडोज बंद असलेल्या रविवारी पाच-सहा जीबी नुसते पडून आणि फोटो मात्र डिस्कवरून येताहेत, हे मला सहन होईना. कुणाला किती द्यायचं हे कर्नलने ठरवावं, मी कशाला? तुम्ही झेडएफएस घेतलंत तर ही मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. ओपनझेडएफएस (लिनक्सवर चालणारं झेडएफएस) २.३ पासून लिनक्सवरही डिफॉल्ट मर्यादा १ जीबी सोडून जवळपास सगळ्या रॅमपर्यंत गेली आहे.

एकाच मशीनचा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकेल. नुसतं साठवणीचं मशीन असेल तर मी आजही झेडएफएसच घेईन. ऐरोलीला घरी बॅकअपचा डबा आहे, त्यावर तेच आहे. तिथे दुसरं काहीच चालत नाही, सगळी रॅम आर्कने घ्यावी.