हातातला रफनेस टेस्टर आणि जर्मन ड्रॉइंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

कुपवाड एमआयडीसीत आमचं टर्निंग-ग्राइंडिंगचं काम आहे. जर्मन पार्टीचे शाफ्ट सुरू झाले तेव्हा हातात मावणारा रफनेस टेस्टर (पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणारं यंत्र) घेतला. काही महिने रोज वापरतोय. घ्यावाच, पण सेटिंग समजून घेऊन.

जर्मन ड्रॉइंगवरचा 'मिटेनराउवेर्ट' म्हणजे आपला आरए (खडबडीतपणाची सरासरी), 'गेमिटेल्टे राउटीफे' म्हणजे आरझेड. त्यांचा भर आरझेडवर असतो, आणि ते बरोबर आहे. एखादी खोल चीर असली तरी आरए फारसा हलत नाही, आरझेड मात्र लगेच चढतो. जर्मन पद्धतीत आरझेडसाठी मोजलेल्या लांबीचे पाच भाग करून प्रत्येकातलं सर्वांत उंच टोक ते सर्वांत खोल दरी धरतात आणि पाचांची सरासरी काढतात. टेस्टरवर जपानी स्टँडर्ड जेआयएस १९९४ लावलेलं असेल तर पाच उंच टोकं आणि पाच खोल दऱ्यांचा हिशेब होतो. त्याच जॉबवर आकडा बहुधा कमी दिसतो. म्हणून रिपोर्टवर स्टँडर्ड आणि कटऑफ (मोजणीच्या एका भागाची लांबी) लिहिलेच पाहिजेत. आमच्या ग्राइंडिंगच्या जॉबला बहुतेक वेळा कटऑफ ०.८ मिमी आणि एकूण लांबी ४ मिमी.

खरी कसोटी ऑइल सील (तेल गळू न देणारी रिंग) बसते त्या जागेची. तिथे साधारण आरए ०.२ ते ०.८, आरझेड १ ते ५ मायक्रॉन आणि शेजारी एक शब्द: 'द्रालफ्राय'. इंग्रजी प्रतीवर त्याचं 'ट्विस्ट फ्री' झालेलं आलं, तर ऑपरेटर शाफ्टचा पीळ तपासत बसतो. नुसतं 'लीड फ्री' लिहिलं तर खरेदीवाले लीड म्हणजे शिसं समजून शिशाचं सर्टिफिकेट मागतात. अर्थ इतकाच, की ग्राइंडिंगच्या खुणा स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरक्या पडलेल्या नकोत. त्या फिरताना तेल सीलखालून बाहेर ढकलतात. मी 'नो मशिनिंग लीड' लिहायला सांगतो.

या तिरक्या खुणा टेस्टरला कळत नाहीत, आकडे सुंदर येतात. त्यासाठी दोऱ्याची चाचणी. शाफ्टला हलकं तेल लावायचं, वजन बांधलेला दोरा त्यावर टाकायचा आणि शाफ्ट हळू फिरवायचा. दोरा एका बाजूला सरकला आणि उलट फिरवल्यावर उलट सरकला, तर खुणा तिरक्या आहेत. प्लंज ग्राइंडिंग (चाक आडवं न सरकवता सरळ आत घालून) नीट केलं, स्पार्क आउट (शेवटी चाक पुढे न घालता ठिणग्या थांबेपर्यंत फिरवणं) पूर्ण होऊ दिला की दोरा जागचा हलत नाही.

बाकी बॅटरी उत्तम, स्क्रीन उन्हातही वाचता येते. हिऱ्याचं टोक नाजूक आहे. जॉब पुसल्याशिवाय लावू नका आणि सकाळी मास्टर पीसवर (खडबडीतपणा माहीत असलेल्या नमुन्यावर) रिडिंग घ्या. बारीक भोकात साधा पिकअप (टोक बसवलेला मोजणीचा भाग) जात नाही, त्याचा वेगळा पिकअप मिळतो. त्याचा दर आधीच विचारून ठेवा.