हाय-रिस्क ठरल्यावर गाडीचा विमा: जुनी कंपनी, नॉन-स्टँडर्ड की असाइन्ड रिस्क?

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा शाबीत झाला, स्वतःच्या चुकीने लागोपाठ अपघात झाले किंवा विना-विमा पकडले गेलात, की विमा कंपन्यांच्या लेखी तुम्ही हाय-रिस्क. प्रीमियम चढणार हे उघड आहे. पण खरा धोका विम्यात खंड पडण्याचा असतो, म्हणून पुढचे तिन्ही पर्याय (जुनी कंपनी, हाय-रिस्क चालकांसाठीच्या नॉन-स्टँडर्ड कंपन्या आणि असाइन्ड रिस्क) त्याच नजरेने बघावेत.

जुन्या कंपनीत बहुतेकदा लगेच काही होत नाही. पॉलिसी सहसा सहा महिन्यांची असते. रिन्यूअलच्या वेळी कंपनी तुमचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड तपासते आणि तेव्हा आकडा फुगतो. घराचा विमाही तिथेच असेल तर एकत्र विम्याची सवलत टिकते, आणि पहिला अपघात माफ करणारी अटही काही पॉलिसींत असते. मात्र ही माफी त्या कंपनीपुरतीच. दुसरीकडे गेलात की तोच अपघात क्लू रिपोर्टमध्ये, म्हणजे विमा कंपन्या तपासतात त्या तुमच्या जुन्या क्लेमच्या नोंदवहीत, दिसतो. क्लेमची नोंद तिथे सात वर्षांपर्यंत राहते. त्यामुळे माफी मिळाली असेल तर राहाणंच फायद्याचं.

राज्याने एसआर-२२ मागितला असेल तर गणित बदलतं. हा विमा नव्हे. तुमच्याकडे किमान विमा आहे, असं कंपनीने राज्याला कळवलेलं ते प्रमाणपत्र. बऱ्याच राज्यांत ते साधारण तीन वर्षं चालू ठेवावं लागतं, पण सगळ्याच कंपन्या ते भरत नाहीत. आधी फोन करून विचारा. फ्लोरिडात दारूच्या गुन्ह्यासाठी एफआर-४४ हे तसंच प्रमाणपत्र लागतं आणि त्याची मर्यादाही चढी: १००/३००/५०, म्हणजे एका व्यक्तीच्या इजेसाठी १ लाख डॉलर, एका अपघातातल्या सर्व इजांसाठी ३ लाख, मालमत्तेसाठी ५० हजार.

नॉन-स्टँडर्ड कंपन्यांचा धंदाच अशा चालकांवर चालतो, त्यामुळे एसआर-२२ तिथे नेहमीचं काम. कोट स्वस्त दिसलं तर आधी मर्यादा वाचा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा ३०/६०/१५ आहे. नवी गाडी ठोकलीत तर १५ हजार कुठल्या कुठे जातात, वरचे पैसे तुमच्या खिशातून. घरातल्या एखाद्याला पॉलिसीतून वगळलं असेल तर चावी त्याच्या हाती देऊ नका, त्याच्या अपघाताला विमा लागू होत नाही. गाडीवर कर्ज असेल तर फक्त लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, घेऊन भागत नाही. कर्ज देणारा कोलिजन (टकरीत तुमच्या गाडीचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग वगैरे) मागतो.

इथली मेख मासिक हप्त्यात आहे. हप्ता चुकला, पॉलिसी रद्द झाली, की कंपनी एसआर-२६ पाठवून राज्याला कळवते. लायसन्स निलंबित होतं, आणि अनेक राज्यांत एसआर-२२ ची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. जमत असेल तर सहा महिन्यांचे पैसे एकदम भरा, नाहीतर ऑटोपे लावा.

असाइन्ड रिस्क, म्हणजे ज्यांना कुठेच विमा मिळत नाही त्यांच्यासाठीची राज्यातली योजना, ही शेवटची पायरी. अर्ज परवानाधारक एजंटमार्फत होतो. कॅलिफोर्नियात गेल्या ६० दिवसांत खुल्या बाजारात विमा मिळाला नाही, असं सांगावं लागतं. कंपनी तुम्ही निवडत नाही; बाजारातल्या वाट्यानुसार कंपन्यांना असे चालक वाटून दिले जातात. विमा साधारण महागच पडतो, म्हणून दोन-तीन नॉन-स्टँडर्ड कोट हातात आल्याशिवाय इकडे वळू नये.

गाडी विकलीत पण लायसन्स परत हवंय? मग नॉन-ओनर पॉलिसी घ्या. तिच्यावरही एसआर-२२ भरता येतो. ती लायबिलिटीपुरतीच, आणि घरातली रोज वापरायची गाडी तिच्यात धरत नाहीत.

कंपनी बदलताना आधी नवी पॉलिसी सुरू करा, नवा एसआर-२२ राज्याकडे पोचल्याची खात्री करा, मगच जुनी रद्द करा. पॉलिसी सहसा रात्री १२:०१ ला सुरू होते, तेव्हा तारखा एकाला एक जोडून घ्या. दर सहा महिन्यांनी नवे कोट मागवा: वाहतुकीचा नियम मोडल्याच्या साध्या टिकिटाचा (दंडाच्या पावतीचा) भार सहसा तीन वर्षांत उतरतो, दारूच्या गुन्ह्याचा मात्र रेंगाळतो. कॅलिफोर्नियात त्यापायी गुड ड्रायव्हरची २० टक्के सवलत १० वर्षं मिळत नाही.